हिरव्या शाईच्या टिपा

"अगं, गरुडाचीच चूक वाच. हमखास हसतात," मिरूना आपल्या मैत्रिणीच्या, दोमनिकाच्या कानाशी लागली. "चाळीस डोकी आहेत. एकवीस हात वर झाले की मंडळावर तू!"

पर्यावरण पत्रकार संघाची वार्षिक सभा सिबिऊ शहरातल्या वाचनालयात भरली होती. संचालक मंडळावर जागा एक, उमेदवार दोन. आणि या संघाची जुनी खोड अशी, की मत मागण्याआधी उमेदवारानं स्वतःची एक चूक सगळ्यांसमोर वाचायची. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढून पोट भरणारी माणसं. एवढं तरी हवंच. पण लोक भारी बेरकी! वाचायचे त्या आपल्या लाडक्या चुका. ऑक्टाव ब्रादेआ, राजधानीतला नावाजलेला पत्रकार, आत्ताच सांगून बसला होता, की त्याच्या हातून एकदा मंत्र्याच्या फोटोखाली रानडुकराची माहिती छापली गेली. सभा पोट धरून हसली होती.

दोमनिका उठली. हातातला गरुडाचा कागद तिनं पर्समध्ये कोंबला आणि तोंडीच सुरुवात केली.

"आमच्या खोऱ्यातल्या जंगलात बीच जातीची झाडं चोरून तोडत होते. एका वनरक्षकानं मला तोडीच्या नोंदवहीतलं पान आणून दिलं. मी त्याचं नाव छापलं नाही, गावाचंही नाही. त्या पानाचा फोटो मात्र छापला, चांगला मोठा. कडेला त्याच्या चार टिपा होत्या, हिरव्या शाईतल्या. त्या कचेरीत हिरव्या शाईनं लिहिणारा माणूस एकच होता."

हसायच्या तयारीत असलेले चेहरे उतरले.

"अंक निघाला त्याच दिवशी दुपारपर्यंत त्याची नोकरी गेली. महिन्याभरात सरकारी घर गेलं. फोटो मीच निवडला होता. टिपा दिसत होत्या मला. छान दिसतात, असं वाटलं होतं."

ब्रादेआनं घसा खाकरला. "बाई, ऐकून वाईट वाटलं. पण आपला नियम छापलेल्या चुकीचा आहे. याची दुरुस्ती कधी छापून आली होती का?"

"नाही आली. बातमीतला शब्दन् शब्द खरा होता. बक्षीससुद्धा मिळालं मला. आपल्याच संघाचं."

मिरूनानं कपाळाला हात लावला. अध्यक्ष एलवीराबाई मात्र चष्मा सावरत म्हणाल्या, "पुढे बोला."

"त्या बातमीवरून माझ्यावर खटला झाला, तेव्हा संघानं वकील दिला. ते उपकार विसरणार नाही. त्या वनरक्षकासाठी विचारलं, तर उत्तर आलं, तो सभासद नाही. मला मंडळावर यायचंय ते याच्यासाठीच. जो आपल्याला कागद आणून देतो, त्यालाही वकील मिळाला पाहिजे. आणि छापण्याआधी काय छापतोय ते त्याला दाखवलं पाहिजे. बाकी मला काही मागायचं नाही. गरुडाची गंमत कुणाला ऐकायची असेल, तर कॉफीच्या वेळी सांगते."

हात वर झाले, मोजले गेले. ब्रादेआला बावीस, दोमनिकाला अठरा.

"सांगत होते की नाही? हातची जागा घालवलीस!" मिरूनाला राग आला होता आणि रडूही येत होतं.

दोमनिकाला फार लागलं. जागा तिला हवी होती, अगदी मनापासून हवी होती. तरी ती उठली आणि सरळ एलवीराबाईंच्या टेबलाशी गेली.

"मंडळाची पहिली बैठक कधी?"

"नऊ तारखेला, बुखारेस्टला. पण दोमनिका, तुला तिथं मत नाही गं."

"सभासदाला मागे उभं राहून ऐकता येतं. शेवटी एक प्रश्नही विचारता येतो. नियमावली वाचलीय मी."

"अहो, चार-चार तास चालते ती बैठक!" ब्रादेआ शेजारीच उभा होता. त्याच्या आवाजात खरंच काळजी होती. "पायांचे तुकडे पडतील तुमच्या."

दोमनिकानं कोट चढवला, गळ्यापर्यंत बटणं लावली.

"चार तासांचं काय घेऊन बसलात, साहेब? त्या वनरक्षकाची माफी मागायला गेले, तेव्हा त्याच्या अंगणात सहा तास उभी होते. बर्फात. शेवटी उघडलंच त्यानं दार."