पहिला तांब्या गाडीला

"सूनबाई, त्याला सांग, बॅटरीचा उजेड नीट धरलाय म्या. हात चालव म्हणावं."

शिवानीनं सांगायची काही गरज नव्हती. स्वरूप तिथंच, हाताच्या अंतरावर, गाडीच्या बॉनेटखाली वाकला होता. पण बायको, फुलाबाई, गेल्यापासून हनुमंत पोराशी थेट बोलत नव्हता. घरात माणसं तीन, आणि बापलेकांचा सगळा कारभार सुनेच्या तोंडून. ताटात मीठ कमी पडलं तरी तिच्यामार्फत. बिचारी दोघांमधलं टपाल वाहून दमली होती, आणि त्यात तिचे दिवस भरत आले होते.

गाडी त्या दिवसापासून पत्र्याखाली उभी होती. फुलाबाईच्या छातीत कळ आली, तेव्हा हनुमंत गुरांमागं डोंगरावर होता. स्वरूपनं आईला गाडीत घातलं आणि वेल्ह्याहून भोरच्या दवाखान्याकडं निघाला. अर्ध्या वाटेत, चढावर, गाडी बंद पडली. मागून टेम्पो येईपर्यंत फुलाबाई गाडीतच गेली. दहाव्याला पाहुण्यांनी विचारलं, तेव्हा स्वरूप खाली मान घालून म्हणाला, "इंजिनाचा बेल्ट जुना झाला व्हता. बदलायचा राहून गेला. चूक माजी हाय."

भोरला गॅरेजात काम करणारा पोरगा हा! जगाच्या गाड्या दुरुस्त करतो, आणि आईला न्यायच्या गाडीचा पट्टा बदलायला याला सवड मिळाली नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. हनुमंताच्या काळजात ते वाक्य रुतलं ते रुतलंच.

आणि त्यानं स्वतः त्या गाडीला काय कमी केलं होतं? स्वरूप एसटीनं कामाला जायचा. गाडीकडं आबा बघतात म्हणून निर्धास्त असायचा. एकदा हनुमंतानं बॉनेट उघडून पाहिलं, तर आत कसलंसं हिरवं पाणी भरलेलं. त्याला बघूनच कसंतरी झालं. दोणीतल्या पाण्याला शेवाळ धरलं तर म्हैससुद्धा तोंड लावत नाही, आणि हे असलं नासकं पाणी सोन्यासारख्या गाडीच्या पोटात? त्यानं ते सगळं खाली सोडून दिलं आणि झऱ्याचं ताजं पाणी भरलं. पुढं तो नेमच होऊन बसला. फुलाबाई झऱ्यावरनं हंडा घेऊन आली की पहिला तांब्या गाडीला, मग माणसांना. "गाडी हाय का गाभण म्हस?" म्हणून ती हसायची. ते हसू आठवलं की हनुमंताला अजून जेवण जायचं नाही.

आता शिवानीला कधीही दवाखान्यात न्यावं लागणार होतं. गाडी हवीच होती. पट्टा तुटूनही इंजिनाच्या आत मोडतोड झाली नव्हती, एवढं दैव. स्वरूपनं तुटका बेल्ट काढला. मग पाण्याचा पंप सोडवला, आणि घाईघाईनं फडक्यात गुंडाळून बाजूला सारला.

"सूनबाई, बेल्ट तुटला व्हता न्हवं? मग पंप कशापायी काढतोय, विचार त्याला."

"बेल्ट उघडलाच हाय तर पंपबी बदलून घेत्यात, आबा," स्वरूप वर न बघता म्हणाला. "पंप ह्याच बेल्टवर फिरतोय."

नवा पंप बसला. शिवानीच्या नेलपॉलिशनं बेल्टच्या चाकांवर केलेल्या खुणा जुळल्या, नवा बेल्ट चढला. स्वरूपनं पान्यानं इंजिन हातानं फिरवून बघितलं. कुठं अडलं नाही. मग त्यानं कूलंटचा कॅन उचलला. आत तेच हिरवं पाणी.

हनुमंत उठला आणि घरातून तांब्या भरून घेऊन आला.

"सूनबाई, त्याला सांग, हे नासकं न्हाई घालायचं. झऱ्याचं आणलंय."

त्यानं तांब्या कलंडला. स्वरूपनं रेडिएटरच्या तोंडावर तळहात दाबून धरला. पाणी त्याच्या हातावरून खाली ओघळलं.

"हात काढ म्हणावं त्याला!"

"न्हाई आबा." स्वरूपनं हात तसाच ठेवला. "शिवानीला ह्याच गाडीतनं न्यायचंय."

हनुमंत थबकला. पोरानं जन्मात कधी त्याचा हात अडवला नव्हता. त्याची नजर बाजूच्या फडक्यावर गेली. त्यानं वाकून ते उलगडलं. पंपाची पाती गंजून खाऊन गेली होती. सगळा तांबडा गाळ. त्यानं पंपाचं चाक फिरवून बघितलं, ते जागचं हललं नाही. पंप ह्याच बेल्टवर फिरतोय, पोरगा आत्ताच म्हणाला होता.

त्यानं तो लोखंडाचा तुकडा पोरापुढं धरला. मग कितीतरी महिन्यांनी सुनेला मधे न घेता बोलला.

"पोरा, ह्यो अडकला म्हणून बेल्ट तुटला?"

स्वरूप ओला तळहात पँटला पुसत राहिला.

"माज्या पाण्यानं?"

स्वरूपनं डोळे पुसले. त्याच्या गालावर काळं ग्रीस लागलं.

"तुला कवा कळलं?"

"तितंच. चढावर, बॉनेट उघडल्याव."

"आन् मग चूक माजी म्हणून का सांगितलंस? इतके दिस म्या तुला तळतळाट देतुया, तू ऐकून घेतुयास. का रं?"

"आईनंबी बघितलं, आबा. गाडीखाली तांबडं पाणी सांडत व्हतं. ह्यात साधं पाणी कुणी वतलं म्हणून म्या बोललो, आन् तिला कळलं. माजा हात धरून म्हनली, 'ह्यांस्नी कळू दिऊ नगंस, जगायचे न्हाईत. तुज्यावर घे.'"