यादीबाहेरचं शहर

खाटेवर अकरा शहरं होती. कागदाचे अकरा चौकोन; एका बाजूला नाव, दुसऱ्या बाजूला तिथं का जायचं त्याचं कारण. पॅरिस त्यांत नव्हतं. व्हिसाच्या अर्जात पॅरिस सगळेच लिहितात म्हणून पोरं नाकारली जातात, असं शिरवळचा एजंट विश्वजीत म्हणाला होता. पॅरिसबाहेरची चार शहरं हवीत, आणि पोराला त्यांची खरी ओढ आहे असं वाटलं पाहिजे.

पोरगा म्हणजे मतीन. दहिवडीच्या बाजारात बापाबरोबर शेळ्यांचा व्यापार करणारा. फ्रान्स बघायला म्हणून जायचं आणि परत यायचं नाही, असा बेत होता. शहरं निवडायचं काम थोरल्या बहिणीकडे, तहरीमकडे आलं. ती भौतिकशास्त्राची पदवीधर. घरात इंग्रजी नीट समजणारी एकटीच.

"मार्सेय," तिनं पहिला चौकोन उचलला. "जुनं बंदर आहे."

"म्हंजे समुद्र?" भिंतीला टेकून बसलेल्या आईनं, मेहरुनबीनं विचारलं.

"हां, अम्मी."

"काढ त्ये."

दोन वर्षांपूर्वी सगळ्यात थोरला मुलगा, शाहनवाज, असाच बाहेर पडला होता. तुर्कस्तानमार्गे, व्हिसाशिवाय. रबरी बोट उलटली आणि तो बुडाला. ते पाणी तुर्कस्तानकडचंच, असं घरात धरलं जात होतं. तेव्हापासून टीव्हीवर समुद्र दिसला की बाप, बादशहा, उठून बटण बंद करायचा.

मार्सेय गेलं. नीस गेलं. किनाऱ्यावरची आणखी दोन गेली.

"ल्यों. दोन नद्यांचा संगम आहे."

मेहरुनबीनं जरा विचार केला. "नदी चालंल. आपल्या माणगंगेवानी आसंल."

"तिथं नदीत पाणी असतंय, अम्मी," मतीन म्हणाला.

दारात बसलेला बादशहा हसला. त्या घरात बऱ्याच दिवसांनी कुणी हसलं होतं.

तुलूझमध्ये विमानं तयार होतात, तेही ठेवलं. स्ट्रासबूरच्या चर्चमध्ये जुनं, ग्रहताऱ्यांची जागा दाखवणारं घड्याळ होतं. दिजों मोहरीच्या चटणीसाठी नावाजलेलं.

"मोहरी बघाया इतक्या लांब?" बादशहानं विचारलं.

"आवं अब्बा, मी व्यापारी हाय न्हवं? भाव काढून येतो."

"तिथं असं बोलू नकोस," तहरीम म्हणाली. "आधी कारण सांगायचं, मग गप्प बसायचं. पुन्हा सांग."

त्यानं पुन्हा सांगितलं. व्हिसाची मुलाखत एकदाच मिळणार होती. नकार आलेल्या पोराला विश्वजीत दुसऱ्यांदा हात लावत नसे.

रविवारी विश्वजीत स्वतः आला. चारी शहरं ऐकून त्यानं मान डोलावली.

"फस्क्लास. आता एक राह्यलं. तिथला सायेब विचारतो, आजून दोन दिवस मिळालं तर कुठं जाशील? तवा यादीतलं सांगितलं की घोकंपट्टी उघडी पडती. यादीबाहेरचं, मनातलं एक शहर पायजे. कागदावर न्हाई लिवायचं. मला बी सांगायचं न्हाई."

"तुमाला का न्हाई?" मतीननं विचारलं.

"आरं गड्या, मला कळलं की मी दुसऱ्यांना बी त्येच सांगणार. मागच्या खेपेला माज्या पोरांनी एकामागनं एक एकच नाव सांगितलं. समदी परत!"

तहरीमनं चहाचा कप त्याच्यापुढं ठेवला. "तिथं पोचल्यावर पुढं काय?"

"पुढं माजा माणूस हाय."

"पुढं म्हंजे कुठं?"

"ताई, तुमी शहरं बगा. पुढचं आमी बगतो."

तो गेल्यावर मेहरुनबीनं लेकीचा हात धरला. "एक गेला. ह्येला तरी बोटीनं नगं, इमानानं धाड. तुज्यावर सोडलंय बग."

"हां, अम्मी."

संध्याकाळी तहरीमनं मतीनला गोठ्यामागे नेलं.

"कॅले," ती म्हणाली. "तुझं मनातलं शहर."

"काय हाय तिथं?"

"समुद्र. अम्मीपुढं नाव काढू नकोस."

"मग नीस काय वाईट हुतं?"

"नीस सगळेच सांगतात. का जायचं विचारलं तर म्हण, हवा स्वच्छ असली की पलीकडं इंग्लंड दिसतं. ते मला जवळनं बघायचंय."

मतीननं ते इंग्रजीत म्हणून दाखवलं. एका शब्दावर तो अडखळला. तहरीमनं उच्चार सुधारला आणि जिभेवर बसेपर्यंत त्याच्याकडून म्हणून घेतलं.

मुंबईची मुलाखत झाली त्या दिवशी मतीन खुशीत परतला. एकाही प्रश्नाला अडलो नाही, म्हणाला. मेहरुनबीनं शेजारी साखर वाटली.

पासपोर्ट परत आला तेव्हा त्यात व्हिसा नव्हता. प्रवासाच्या हेतूबद्दल खात्री पटली नाही, एवढंच सोबतच्या कागदावर होतं. विश्वजीत गाडी काढून तडक दहिवडीला आला.

"काय बोललास रं तिथं? समदं सांग."

मतीननं ल्यों सांगितलं, तुलूझ सांगितलं, घड्याळ, मोहरी. विश्वजीत मान हलवत होता.

"आन मनातलं?"

"कॅले. म्हनलं, पलीकडचं इंग्लंड जवळनं बघायचंय."

विश्वजीतनं डोक्याला हात लावला. "आरं, काय केलंस ह्ये! चोरून इंग्लंडला जाणारी माणसं तिथनंच बोटीत बसत्यात. त्या सायबाला रोज त्येच हुडकायचं काम. तू आपल्या तोंडानं सांगून आलास!"

"मला काय म्हाईत?"

"ताई, तुमी तरी...?"

"तिला तरी काय म्हाईत?" मतीन उसळून म्हणाला. "दहिवडीत बसून नकाशावर बघितलं तिनं."

विश्वजीत पाणीही न पिता निघून गेला. मेहरुनबीनं पदरात तोंड लपवलं. तहरीम तिच्याजवळ जाऊन बसली.

दोन वर्षांपूर्वी शाहनवाजचा समजून जो फोन उचलला होता, तो फ्रान्सच्या पोलिसांचा होता. ते इंग्रजीत बोलत होते आणि घरातले सगळे तहरीमच्या तोंडाकडे बघत उभे होते. फोन ठेवून तिनं एवढंच सांगितलं होतं: रबरी बोट उलटली, समुद्रात बुडाला. बाकीचं तिनं कुणालाच कधी सांगितलं नव्हतं. कॅलेच्या किनाऱ्यापासून सात किलोमीटर. पाण्याचं तापमान अकरा अंश.