करडा रिमोट

पोहे झाले, चहा झाला, आणि गोपालमामांनी फर्मान काढलं की आता पोरापोरीला दहा मिनिटं बोलू द्या. दहा मिनिटांत माणूस काय डोंबल कळतो, पण रीत आहे, असंही वर म्हणाले. प्रेरणाला मात्र दहा मिनिटांचीही गरज वाटत नव्हती. कळंबचा अमर तिला आवडला होता, खोटं कशाला बोला? तिला पाहायला याआधी घाटंजीला चौघे येऊन गेले होते. एकानं उंची विचारली, एकानं शेती. यानं विचारलं, लग्नानंतर तुमचा कॉम्प्युटर क्लास चालू ठेवाल ना? एवढ्या एका प्रश्नावर तिनं मनातल्या मनात अर्धा संसार मांडून टाकला होता.

दोघं मधल्या खोलीत येऊन बसली आणि नेहमीचंच झालं. बोला म्हटलं की बोलायला काही सुचत नाही. तेवढ्यात अमरची नजर टीव्हीखालच्या काळ्या डबीवर गेली. प्रेरणाचा भाऊ ऋतिक नोकरीसाठी पुण्याला गेला, पण त्याची ही डबी इथंच राहिली. लहानपणीचे सगळे व्हिडिओ गेम तिच्यात भरलेले. अमरचा चेहरा खुलला. आम्हीही हेच खेळायचो, म्हणाला, एक डाव होऊन जाऊ द्या. प्रेरणाला हसू आलं. असलं पाहणं अख्ख्या तालुक्यात कोणाचं झालं नसेल.

रिमोट दोन होते. काळा नवा, बिनवायरचा. करडा जुना, आणि त्याचं डावं बटण मेलेलं. दहादा दाबावं तेव्हा एकदा लागायचं. म्हणून बहीणभावाचा नियम होता की जो जिंकेल त्यानं पुढचा डाव करड्यावर खेळायचा. पाहुणा आला तर काळा पाहुण्याचा, हे तर सांगायचीही गरज नव्हती. प्रेरणानं सवयीनं करड्याकडे हात नेला.

थांबा, पाहू द्या, म्हणत अमरनं दोन्ही उचलले आणि जाणकारासारखं एकेक बटण तपासलं. काळ्यावर पडद्यावरची खूण डावीउजवीकडे झरझर पळाली. मग करडा घेतला. उजवीकडे पळाली. डावीकडे दाबलं तर खूण जागची हलेना. पुन्हा दाबलं. तिसऱ्यांदा अंगठा चांगला रोवून दाबलं. प्रेरणा बघत होती. आता हा म्हणेल की रिमोट बिघडला आहे, मग आपण म्हणायचं, माहीत आहे, तो माझ्याकडे द्या. एवढं बोलायची तिनं तयारीच करून ठेवली.

तो हसला, छान हसायचा गडी, आणि करडा तिच्या हातात दिला.

"हा घ्या तुम्ही. हलका हाये, तुमच्या हाताले बरा पडन."

गंमत करत असेल, तिला वाटलं. खेळ कुस्तीचा होता. तिच्या पैलवानाला पुढे जाता यायचं, मागे सरता यायचं नाही. पहिला डाव गेला. दुसराही गेला. आता आपसात बदलू या, असं ती म्हणून पाहायला गेली, तर तो म्हणाला की रिमोटमध्ये काही नसतं, सगळं हातात असतं. मग जवळ सरकून त्यानं तिला शिकवलं. अंगठा असा ठेवायचा, डावीकडे असं दाबायचं, घाई करायची नाही. आवाजात कुठं चिडचिड नाही, टोमणा नाही. किती सबुरीनं सांगत होता.

"घाबरू नका. होऊन जाईन सवय."

प्रेरणाचा अंगठा बटणावरच थांबला. त्यानं मागितला असता तर काळा तिनं आनंदानं दिला असता, त्याचं काही नव्हतं. तिला हादरवलं ते निराळंच. बटण मेलेलं आहे हे तिला ठाऊक नसतं, तर तिनं याच्यावर विश्वास ठेवला असता. आपल्याच अंगठ्यात खोट आहे असं मानून ती दाबत राहिली असती, आणि वर याचे आभारही मानले असते. रिमोट खाली ठेवून ती उठली.

बैठकीत तोवर सगळं ठरून गेलं होतं. विठ्ठलराव, तिचे बाबा, साखरेचा डबा उघडून उभेच होते. अमरही तिच्या मागोमाग हसतमुखानं आला. बाबांनी विचारलं, करायचं ना तोंड गोड? ती नाही म्हणाली. तेही इतक्या सरळ आवाजात, की क्षणभर कोणाला ते कळलंच नाही.

"काहून?" बाबांनी कारण विचारलं.

"त्याईनं दोन्ही रिमोट दाबून पाह्यलते, बाबा."

सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागले. अमरनं हसत हसत खुलासा केला की अहो, तो गेमचा रिमोट, बाकी काही नाही. त्याचे काका म्हणाले, खेळण्यावरून सोयरीक मोडलेली आम्ही तरी कधी ऐकली नाही. गोपालमामांनी कपाळाला हात लावला. प्रेरणाला स्वतःलाच आपलं बोलणं चिमूटभर वाटायला लागलं. याहून मोठं कारण सांगावं, तर जवळ नव्हतं.

विमलताई, तिची आई, स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. चार पाहुण्यांत तिचा आवाज आजवर कोणी ऐकला नव्हता. नवऱ्यानं सांगायचं आणि हिनं मान हलवायची, असं अठ्ठावीस वर्षं चाललेलं. ती लेकीला म्हणाली,

"आन् तुले काय म्हणे?"

"म्हणे, होऊन जाईन सवय."

विमलताई पुढे आली. नवऱ्याच्या हातातला साखरेचा डबा तिनं काढून घेतला आणि त्याला झाकण लावलं.