हेडमास्तरांचा पोपट

“नाही काकू, अजून नाही बोलला. पण सफरचंदाची अख्खी फोड मात्र संपवली हं त्याने!” खबरताई फोनवर म्हणाली.

पलीकडून काकूंचा बारीक आवाज आला, “नाही ना बोलला? बरं. बरं.” आणि फोन ठेवला गेला.

खबरताईला गलबलून आलं. जनावरांच्या दवाखान्यात दाखल असलेल्या प्राण्यांची खबर रोज सकाळी त्यांच्या घरी कळवायची, हे तिचं काम. त्यावरूनच तिला ते नाव पडलेलं. बोक्याचे जुलाब थांबले, कुत्रीचे टाके सुकले, अशा बातम्या ती अशा थाटात द्यायची, की ऐकणाऱ्याला आपलं पोरगं परीक्षेत पहिलं आल्यासारखं वाटावं. या एका घरी फोन लावताना मात्र तिची जीभ अडखळायची.

पोपट हेडमास्तरांचा. राखाडी रंगाचा, लाल शेपटीचा. सर गेले आणि त्याने जे तोंड मिटलं ते मिटलंच. पिसं फुगवून बसून राहायचा, श्वासाला घरघर लागलेली. सरांचा परगावी राहणारा पुतण्या आला होता, त्यानेच पिंजरा उचलून दवाखान्यात आणला. मागोमाग सरांच्या पत्नी, काकू, आल्या.

“राहू दे रे घरीच,” त्या म्हणत होत्या. “त्याला परक्यांची सवय नाही. घरी कुणी आलं तरी मी त्याला आतल्या खोलीत नेऊन ठेवते.”

“काकी, काकांची एवढीच तर आठवण उरलीय. तीही हातची घालवायची का?” पुतण्या म्हणाला.

डॉक्टरांनी छाती तपासली आणि सांगितलं, छातीत कफ साठलाय, थोडे दिवस इथेच ठेवावं लागेल. डॉक्टर सरांचेच विद्यार्थी. “निम्मं गाव त्यांच्या हाताखालून गेलं,” ते औषधाचे थेंब मोजता मोजता म्हणाले, “पण सरांनी आवाज चढवलेला कुणाला आठवत नाही. छडी तर त्यांनी शाळेतून हद्दपारच केली. आणि ताई, ही पोपटाची जात घरातला आवाज असा उचलते, की माणूस कोण आणि पाखरू कोण ते कळू नये. हा बोलला ना, तर सरच बोलल्यासारखं वाटेल बघा.”

झालं! दवाखान्याच्या ग्रुपवर खबरताई रोजची खबरबात टाकायची, तिथे सरांचे जुने विद्यार्थी दुसरं काही विचारीनात. बोलला का? आज तरी? डॉक्टर येता-जाता पिंजऱ्यासमोर हात जोडून “नमस्कार, सर” म्हणत. पोपट एक डोळा मिटून त्यांच्याकडे असा बघे, की गृहपाठ न केल्यासारखे ते निमूट पुढे जात.

एका संध्याकाळी काकू भेटायला आल्या. गजांतून बोट घालून त्या त्याची मान खाजवत राहिल्या. त्याने डोकं वाकवून त्यांच्या बोटाला टेकवलं.

“काकू, तुम्ही बोला ना त्याच्याशी,” खबरताई म्हणाली. “तुमचा आवाज ऐकून तोंड उघडेल.”

“आजाऱ्याला बोलतं करू नये, पोरी.” मग हळूच त्यांनी विचारलं, “एकटा असतानाही नाही बोलत?”

“नाही हो.”

“मग मी नेऊ का याला?”

डॉक्टरांनी मान हलवली. अजून वाफ द्यायची होती, औषध पुरं व्हायचं होतं. काकूंनी पुन्हा विचारलं नाही. जाताना मात्र दारातून दोनदा वळून पाहिलं.

खबरताई घरी गेली ती डोळे पुसतच. “एवढ्या वर्षांचा संसार,” ती नवऱ्याला म्हणाली, “आणि मागे उरलं काय, तर एका पाखराच्या गळ्यात अडकलेला आवाज. मी गेले तर तुम्ही काय पाळाल हो?”

“शांतता,” नवरा म्हणाला. तिने त्याला उशी फेकून मारली.

अखेर छाती मोकळी झाली. पोपट घरी जायच्या दिवशी काकू वेळेआधीच हजर. पुतण्याने पिंजऱ्यावर घालायला चादर आणली होती. इतक्यात पोपटाने मान झटकली आणि तो घशातल्या घशात काहीतरी पुटपुटला.

“थांबा, थांबा!” डॉक्टर हरखले. “ताई, फोन काढा. ग्रुपवर टाकू. सगळ्यांना ऐकू दे!”

“राहू दे ना,” काकू म्हणाल्या. “झाका त्याला. आम्ही निघतो.”

“काकू, एकच मिनिट. आमच्यासाठी.”

खबरताईने फोन धरला. काकू रडतील म्हणून तिने आधीच पाण्याचा पेला भरून ठेवला होता. पिंजऱ्यावरचा शेकाचा दिवा बंद करायला डॉक्टरांनी हात वर केला.

पोपट एकदम आक्रसला. पंख अंगाशी दाबून तो कोपऱ्यात सरकला आणि त्याने चोच उघडली.

“नको हो…”

खबरताई चमकून मागे वळली. आवाज काकूंचा होता. पण काकू दाराशी उभ्या होत्या, हातातली पिशवी छातीशी गच्च आवळून, आणि त्यांचे ओठ मिटलेले होते.

ताईचा फोन धरलेला हात आपोआप खाली आला.

पिंजऱ्यातून पुन्हा काकूंचाच आवाज आला, “तोंडावर नका मारू हो. उद्या तुमचा सत्कार आहे, लोक विचारतील मला.”