जपानची तयारी

टेबलाचे पाय कापून झाले, तरी बायकोचं समाधान होईना.

“अजून चार बोटं,” ती म्हणाली. “जपानी माणूस जमिनीलगत जगतो. तुम्हाला नाही कळायचं.”

नवरा पुन्हा करवत घेऊन बसला. त्याला काही कळत नाही, हे ती लग्नापासून सांगत आली होती. आता त्यालाही ते पटलं होतं.

करवतीचा आवाज ऐकून खालच्या मजल्यावरची मोठी जाऊ वर आली. सोफा भिंतीकडे तोंड करून उभा. खिडक्यांच्या काचांना आतून पांढरा कागद. जुन्या पडद्यांचे शिवलेले दोन पायघोळ झगे दोरीवर लटकलेले.

“अगं, तिथं गेल्यावर बसायचंच आहे की खाली. इथं कशाला मोडतोड?”

“सवय नको? आम्ही संस्कृती अनुभवायला चाललोय, ताई. नुसते फोटो काढायला नाही.”

हा टोला होता. मोठी गेल्या वर्षी परदेशी जाऊन आली, आणि तेव्हापासून कुणी साधा चहा ओतला तरी तिला तिथला चहा आठवायचा. धाकटीच्या पोटात नुसता जाळ व्हायचा. शेवटी सगळे नातेवाईक जमलेले असताना ती बोलून गेली, “आम्ही यंदा जपानला चाललोय!” शेजारी बसलेल्या नवऱ्याला ठसका लागला. पण बोलून बसली ती बसली. आता जपान झालंच पाहिजे होतं, नाहीतर जाऊ जन्मभर दात काढणार होती.

जपानबद्दल तिला जे काही ठाऊक होतं, ते मोबाइलवरच्या दोन-तीन व्हिडिओंतलं. नवऱ्याला शिकवायला तेवढं पुष्कळ होतं. घरात मोज्यांवर चालायचं, तेही टाच न टेकवता. टीव्ही बंद. बोलायचं ते कुजबुजत.

“इतकं हळू बोलतात तिथं?” नवऱ्यानं विचारलं.

“सुसंस्कृत माणसं आहेत ती. तुमच्यासारखी खेकसत नाहीत.”

बायकोसमोर धड शिंकायचीही ज्याची छाती नव्हती, त्यानं मान खाली घालून मोजे चढवले.

मग सराव सुरू झाला. झगा घालून ती कागदाच्या खिडकीशी बसायची, रिकामा कप दोन्ही हातांत धरायची, डोळे अर्धे मिटायची, आणि नवरा फोटो काढायचा. त्यातही त्याला अक्कल नव्हतीच. सोफ्याचा पाय मध्ये यायचा.

खाण्याची तिनं अशी बेगमी केली की दुकानदारही हसला. तांदूळ, दूध पावडर, बिस्किटं, नूडल्सची पाकिटं.

“त्यांचे कच्चे मासे कोण खाणार?” ती म्हणाली. संस्कृती अनुभवायची, पण पोटाला लागू द्यायची नाही, असा एकूण मामला होता.

निघायच्या दिवशी भर दुपारी टॅक्सी आली. मोठी फाटकापर्यंत सोडायला आली.

“किल्ली ठेवून जा गं. झाडांना पाणी घालीन.”

“झाडं देऊन टाकली, ताई.”

“बरं. पोचल्यावर कळवा हं. जिवाला घोर लागतो.”

धाकटीनं तिच्या डोळ्यांतलं पाणी पाहिलं आणि ते मत्सराचंच आहे असं ठरवून टाकलं.

“जळतेय बघा कशी,” टॅक्सीत बसल्याबरोबर ती नवऱ्याला म्हणाली.

तासाभरानं, सगळी इमारत डुलकी काढत असताना, दोघं बूट हातात धरून मागच्या जिन्यानं वर चढले आणि आपल्याच घराचं मागचं दार आतून लावून घेतलं. बॅगा खाली टेकवताना दोघांनीही श्वास रोखला होता.

दुपार कलल्यावर खाली जाग आली, तशी धाकटी फरशीला कान लावून आडवी झाली. खाली मोठी फोनवर कुणाला तरी कौतुकानं सांगत होती, “आमची धाकटी जाऊ जपानला गेली हो! तिच्याएवढी हौस नाही कुणाला आमच्याकडं.”

धाकटीला आनंदानं भरून आलं. इतक्या वर्षांत ती पहिल्यांदा जिंकली होती.

नवरा उठून संडासाकडे निघाला. तिनं झटकन त्याचा हात धरला.

“अहो, आपण अजून विमानात आहोत,” ती कुजबुजली. “उद्या उतरेपर्यंत फ्लश करायचा नाही.”