किमान लांबी

हौशी मासेमारांसाठी नियमांचं अॅप ती घरीच बसून बनवत होती. मासा मोजायचा, एकशे दहा सेंटिमीटरहून लहान भरला तर नोंद करून पाण्यात सोडायचा, एवढा साधा मामला.

अॅप अजून तिच्या फोनबाहेर गेलंही नव्हतं, तरी रोज सकाळी त्यात एक नोंद आलेली असायची. 'लांबी १०९. लहान. परत सोडला.' जागेची खूण तिच्याच घरावर.

"तूच चाचणी करताना टाकली असशील," नवरा म्हणाला. "कशाला डोक्याला ताप करून घेतेस?"

ती रोज नोंद पुसायची. महिनाभराने लांबी एकशे साडेनऊ झाली. त्या दिवशी तिचं लक्ष दाराच्या चौकटीकडे गेलं. लेकीच्या उंचीची पेन्सिलची शेवटची रेघ होती एकशे नऊवर.

आज तिने नियमच बदलला, किमान लांबी दोनशे केली. बघता बघता पडद्यावर पुन्हा एकशे दहा. तिने परत दोनशे केली. परत एकशे दहा.

"आई, मोज ना. मी वाढलेय."

लेक चौकटीला टाचा टेकवून ताठ उभी होती. अंघोळ व्हायची होती, तरी तिचे केस ओले होते.