गच्चीपर्यंत

उजव्या बाजूच्या जखमेमुळे बाबांना सतत डाव्या कुशीवरच पडून राहावं लागायचं. जन्मभर इमारतींचे नकाशे काढलेला माणूस, आणि आता हातात व्यायामाचा रबरी चेंडू. तो त्यांनी दिवसभरात किती वेळा दाबला, हे मी एक्सेलमध्ये भरायचे आणि त्याचा आलेख त्यांना दाखवायचे.

पहिल्याच दिवशी माझ्या लक्षात आलं, की माझे उभे खांब पडल्या पडल्या त्यांना आडवे दिसत असणार. मग मी चार्टचा प्रकारच बदलला आणि खांब आडवे केले.

"आता दिसतायत ना सरळ?"

"अगदी ताठ उभे आहेत बघ."

त्यानंतर सहा आठवडे, चेंडू दाबून झाला की मी लॅपटॉप त्यांच्यासमोर खुर्चीवर ठेवायचे.

"चढला का हो बाबा आजचा खांब?"

"चढला म्हणजे काय! गच्चीपर्यंत नेऊ आपण."

बाबा गेले, त्याला आज आठवडा झाला. ती फाइल एकदा बघावी म्हणून लॅपटॉप त्याच खुर्चीवर ठेवला आणि त्यांच्या पलंगावर, त्यांच्यासारखीच डाव्या कुशीवर, उशीला गाल टेकून पडले.

एकही खांब उभा नव्हता. सगळे उलटे, वरून खाली लोंबत होते. ज्या दिवशी त्यांनी सगळ्यात जास्त वेळा चेंडू दाबला होता, त्या दिवसाचा सगळ्यात खाली.